माझ्या सहीचा रिपोर्ट

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मुलगी गोड आहे. इथे फ्रीमाँटमध्ये आमच्यापासून चार घरं सोडून राहते आणि मला काकू म्हणते. तिचा फोन आला, "काकू, तुम्ही म्युझियममध्ये ग्रीक भांडी जोडायचात ना? किती इंटरेस्टिंग! त्यावर काहीतरी हलकंफुलकं लिहा ना." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले, तर पहिल्याच ओळीला पेनाने कागद फाटला. म्हातारपणाने नव्हे, रागाने. तेव्हा बाळ, हलकंफुलकं काही जमलेलं नाही. छापायचं तर छाप, नाहीतर राहू दे.

म्युझियमचं नाव लिहीत नाही, शहराचंही नाही. तिथे पाच महिने बर्फ असायचा एवढं पुरे. काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्या वेळी आपल्याकडच्या बायका अमेरिकेत यायच्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर. आमच्याकडे उलटं होतं. नोकरी माझी, व्हिसा माझा, आणि नवरा, अरुण, माझ्या व्हिसावर आलेला. त्याची पीएचडी चालू होती, तीही रडतखडत. मुलगी दोन वर्षांची. म्युझियमने माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला होता आणि तो अर्ज म्हणजे आमचं तिघांचं इथलं बस्तान. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या अर्जापायी झालं.

काम काय, ते सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सचे कुंभार केशरी मातीची भांडी करायचे आणि भोवतालची जागा काळी रंगवून मातीच्याच केशरी रंगात अशी चित्रं काढायचे की बघत राहावं. ही भांडी माणसाबरोबर थडग्यात ठेवत. वरून माती कोसळली की ती फुटत. आमच्यापर्यंत येतात ती खापरं. ती धुवायची, कडेला कड लावून बघायची, वाळूच्या परातीत उभी करून गोंदाने जोडायची. गोंद असा, की उद्या कुणाला वाटलं तर सोडवता आला पाहिजे. तुकडा हरवला असेल तिथे प्लॅस्टर भरायचं आणि वरून रंग द्यायचा. पण या सगळ्याच्या आधी रिपोर्ट लिहायचा: वस्तू माझ्या हातात आली तेव्हा ती कशी होती. खाली सही. भांडं एकदा जोडून झालं की ते काही सांगू शकत नाही, मग जे काही उरतं ते त्या रिपोर्टात.

हे मला पुण्यात शिकवलं दिनकररावांनी. कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस, पण उत्खननावर मोठमोठे साहेब त्यांना विचारल्याशिवाय खापराला हात लावत नसत. ते म्हणायचे, "पोरी, चित्र नंतर बघ. आधी कडा बघ." जुनी फूट असेल तर कडेवर चुन्याचा पांढरट थर बसतो, कोपरे झिजतात, मुळांच्या बारीक रेघा उमटतात. ताजी फूट करकरीत असते, मोडलेल्या बिस्किटासारखी. यात डोकं लागत नाही, नुसते डोळे लागतात. एकदा फरकोट घातलेल्या एक बाई क्रूझवरून आणलेलं भांडं टोपलीत घेऊन आल्या. म्हणाल्या, प्राचीन काळी फुटलंय, बघा. मी कडा बघितल्या आणि म्हटलं, "बाई, हे मागच्या आठवड्यात फुटलंय." त्या लालबुंद झाल्या. त्यांच्या मांजराने पाडलं होतं. भांडं तर प्राचीन नव्हतंच, पण ते मी त्यांना दुसऱ्या भेटीत सांगितलं. एका दिवसात किती ऐकवायचं माणसाला!

आमच्या ग्रीक विभागाचे प्रमुख होते डॉक्टर एल्डन. जगभर नाव. आणि खोटं कशाला बोलू, माणूस खरोखरच थोर. भांड्यावरच्या एका कानावरून, घोट्याच्या हाडावरून, वस्त्राच्या एका चुणीवरून ते सांगत की हा अमुक चित्रकाराचा हात. या चित्रकारांची नावं कुणालाच ठाऊक नसतात, म्हणून ज्याला हात ओळखू येतो तो विद्वान त्याला नाव ठेवतो. एल्डननी असे पाच-सहा चित्रकार शोधून त्यांना नावं दिली होती. मला शेजारी बसवून कान कसा वाचायचा ते शिकवलंही होतं. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला लाकडी घोडा घेऊन आले होते घरी. मी त्यांना देव मानत होते म्हटलं तरी चालेल. म्हणून तर एवढा संताप होतो.

एक दिवस खोका आला. त्यात कापसात गुंडाळलेली त्रेसष्ट खापरं. दारू आणि पाणी कालवायचं मोठं रुंद तोंडाचं भांडं होतं ते, क्रेटर म्हणतात त्याला. सोबत कागद: युरोपातल्या एका जुन्या घराण्याच्या तळघरात आजोबांच्या काळापासून तुकड्यांतच पडून होतं. मी सगळे तुकडे टेबलावर मांडले. चित्र हळूहळू दिसायला लागलं. तरुण पोरगा लढाईला निघालाय, म्हातारा बाप काठीवर वाकलाय, आई सुरईतून देवाला दारू वाहतेय, बहीण ढाल धरून उभी आहे. पायाशी कुत्रं मान वर करून बघतंय. कुत्र्याचं शेपूट आणि मागचा पाय तेवढा नव्हता. तळहाताएवढा तिकोनी तुकडा गायब.

मग मी दिनकररावांचं ऐकलं आणि कडा बघितल्या. एकूण एक कड ताजी. केशरी, करकरीत. कुठे चुन्याचा कण नाही. आणि चार चेहरे होते, त्यांतल्या एकातूनही भेग गेलेली नव्हती. एकाही बोटातून नाही. सगळ्या भेगा मोकळ्या काळ्या जागेतून, डोळे बघून, नाक बघून, बेताने गेलेल्या. थडग्यातली माती कोसळताना चेहरे चुकवून कोसळते का हो? भांड्याच्या बुडाच्या खोबणीत लाल माती होती, भुसभुशीत, आणि तीत गवताचं एक मूळ. मी ते चिमट्याने उचललं आणि वाकवलं. ते वाकलं. आजोबांच्या काळापासून तळघरात पडलेलं मूळ वाकत नाही, त्याचा भुगा होतो.

म्हणजे हे भांडं अख्खं निघालं होतं. अडीच हजार वर्षं मातीखाली न फुटता राहिलं, आणि कुणा हरामखोराने थडगं उकरून ते बाहेर काढलं आणि बॅगांतून नेता यावं म्हणून चेहरे वाचवून हातोडीने फोडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. फुटीवर एक अख्खा परिच्छेद, मातीबद्दल, मुळाबद्दल. गायब तुकड्याच्या जागेचं बटर पेपरवर ट्रेसिंग काढून सोबत जोडलं. ही पुण्याची सवय. आणि रिपोर्ट घेऊन एल्डनकडे गेले.

त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. मग मला म्हणाले, "शैला, तो कान बघितलास का? त्या बहिणीचा? असा कान मी आयुष्यात बघितला नाही. हा नवा चित्रकार आहे."

मी म्हटलं, "डॉक्टर, कडा ताज्या आहेत. हे चोरीचं आहे."

"कडांवरून कुणी काही सिद्ध करू शकत नाही. तळघरात हमालाने खोका आपटला असेल."

"चेहरे सोडून आपटला?"

ते हसले. रागावले नाहीत, हे लक्षात घ्या. रागावले असते तर मी भांडले असते. मायेने म्हणाले, "हा परिच्छेद काढून टाक. आणि ट्रेसिंगची काही गरज नाही, नाहीतरी तू जागा भरणारच आहेस." मग दारापर्यंत सोडायला आले आणि खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुझ्या ग्रीन कार्डाचं कुठवर आलं? माझ्या सहीचं पत्र लागणार आहे ना त्याला? आठवण कर हं मला."

अशी धमकी तुम्ही कधी ऐकली आहे का? मी ऐकली, आणि वर "थँक्यू" म्हणून आले.

घरी अरुणला सांगितलं. तो म्हणाला, "यार शैला, एक परिच्छेद काढायला सांगितलाय ना? काढ. तू काय पोलीस आहेस?"

"तुझ्या थिसिसमध्ये कुणी दोन पानं खोटी घालायला सांगितली तर घालशील?"

"माझ्या थिसिसमुळे आपल्या तिघांना परत जावं लागणार नाही," तो म्हणाला. त्याचंही खरं होतं, याचाच जास्त राग आला. आम्ही दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मी रिपोर्ट पुन्हा टाइप केला. फुटीचा परिच्छेद काढला. "ट्रेसिंग: काढलेले नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली. ट्रेसिंग मात्र फाडवेना, ते माझ्या वहीत ठेवलं.

आणि मग जे केलं ते एल्डननी सांगितलंही नव्हतं. आमच्या कामात शिस्त अशी, की जोडण्याआधी प्रत्येक कड लख्ख धुवायची. कडेवर मातीचा एक कण राहिला तर पहिला सांधा केसभर सरकतो, दुसरा आणखी सरकतो, आणि शेवटचा तुकडा जागेवर बसतच नाही. पण धुण्याआधी चिमूटभर माती काचेच्या बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवायची, हीही शिस्तच. मी त्या दिवशी बाटली भरली नाही. ब्रश घेऊन बसले आणि खोबणीतली लाल माती, ते मूळ, सगळं सिंकमध्ये सोडून दिलं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की सवयीने हात चालला. कसली सवय! सवयीने बाटली भरली गेली असती. मी घाबरले होते, आणि कुणी न सांगता पुरावा धुऊन टाकला.

भांडं मात्र असं जोडलं की विचारू नका. प्लॅस्टरवर कुत्र्याचा पाय आणि शेपूट रंगवलं नाही, ते करायचं नसतं, नुसता काळा रंग दिला. पण सांधे असे की वितभर अंतरावरून दिसू नयेत. एल्डन भिंग घेऊन फिरले चहूबाजूंनी आणि म्हणाले, "हे कधी फुटलं होतं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही." आणि मला आनंद झाला! गाल गरम झाले माझे कौतुकाने. त्याची मला आजही शिसारी येते. मी जितकं चांगलं काम केलं तितकी चोरी झाकली गेली.

मग समारंभ झाला. भांड्याला पैसे पुरवणारा गृहस्थ गाद्यांचा कारखानदार होता. एल्डननी भाषणात जाहीर केलं की या नव्या चित्रकाराला आपण या दात्याचं नाव देतो आहोत. टाळ्या! अथेन्सच्या भट्टीशेजारी बसून ज्याने तो कान काढला, तो बिचारा यापुढे गादीवाल्याच्या नावाने ओळखला जाणार. मी साडी नेसून गेले होते. टाळ्या मीही वाजवल्या.

पुढच्या वर्षी, माझ्या ग्रीन कार्डाच्या मुलाखतीला तीन आठवडे उरले असताना, ग्रीसहून इरीनी आली. तिथल्या एका जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्यात काम करणारी, माझ्याच वयाची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. लुटारूंनी उकरून टाकलेल्या एका थडग्याची माती तिने चाळणीने चाळली होती. तीत सिगरेटची थोटकं निघाली, पावाचे कागद निघाले, आणि एक तिकोनी खापरी निघाली. खापरीवर कुत्र्याचा मागचा पाय आणि शेपूट. तिने एल्डनचा लेख वाचला, फोटोत कुत्र्याच्या पायाची कोरी काळी जागा बघितली आणि विमानात बसली. मूळ खापरी देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून तिने तिची हुबेहूब प्लॅस्टरची प्रत करून आणली होती.

एल्डननी तिचं छान स्वागत केलं. कॉफी, केक. भांडं काचेबाहेरून बघू दिलं. प्लॅस्टर काढून तुकडा बसतो का बघायची तिने परवानगी मागितली, ती त्यांनी नाकारली. भांडं नाजूक आहे म्हणाले. मग मला बोलावून घेतलं. ऑफिसात आम्ही तिघंच होतो.

"शैलाने हे जोडलंय," एल्डन म्हणाले. "तिलाच विचारा."

इरीनी माझ्याकडे वळली. "कडा कशा होत्या?"

"रिपोर्टात आहे तशा," मी म्हटलं.

"रिपोर्टात कडांबद्दल काहीच नाही. असं कुणी जोडणारा करत नाही." तिने जरा वाट पाहिली. "बरं. जागा भरण्याआधी ट्रेसिंग काढलं होतंत का? तेवढं असेल तरी मला पुरे."

वही खाली माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. एक जिना उतरायचा आणि आणायची. एल्डन कॉफीत साखर ढवळत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. इरीनी थांबून राहिली. मग मी म्हटलं, "नाही. काढलं नाही."

तिने मान हलवली, पर्स उचलली आणि आभार मानून गेली.

ग्रीन कार्ड झालं. कार्ड पोस्टाने हातात पडलं त्याच आठवड्यात मी ते ट्रेसिंग इरीनीला पाठवलं. सोबत पत्र लिहिलं, त्यात ताज्या कडा, माती, मूळ, सगळं सविस्तर. मला वाटलं, उशिरा का होईना, झालं एकदाचं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणून त्या रविवारी मी श्रीखंडसुद्धा केलं. मूर्ख बाई!

तिची खापरी ट्रेसिंगवर तंतोतंत बसली. त्यांच्या सरकारने भांडं परत मागितलं. म्युझियमने उत्तरादाखल एकच कागद पाठवला: माझ्या सहीचा रिपोर्ट. त्यात ताज्या फुटीचा उल्लेख नाही, मातीचा नाही, मुळाचा नाही, आणि ट्रेसिंग काढलेले नाही असं स्पष्ट लिहिलेलं. तेव्हा हे ट्रेसिंग कुठून आलं, कशावरून काढलं, लेखातल्या फोटोवरून कुणी बनवलं नसेल कशावरून?

मला डायरेक्टरांच्या खोलीत बोलावलं. शेजारी एल्डन बसले होते, दुखावलेला चेहरा करून. डायरेक्टरांनी विचारलं, "ही सही तुमची?"

"माझी. पण रिपोर्ट खोटा आहे. यांनी परिच्छेद काढायला लावला."

"मी?" एल्डन म्हणाले. "शैला, मी तुला कधी काही लिहून दिलं होतं का?"

डायरेक्टर म्हणाले, "म्हणजे तुम्ही तेव्हा तरी खोटं लिहिलंत किंवा आता तरी लिहिताय. कुठलंही असलं तरी म्युझियमला तुमची गरज नाही."

मी एल्डनना म्हटलं, "तुम्हाला कान ओळखता येतो, चोर नाही ओळखता येत?" एवढंच बोलले. ते वाक्य मी पायऱ्या उतरताना दहा वेळा मनात म्हटलं, आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता. मग मी आयुष्यात पुन्हा म्युझियमच्या नोकरीसाठी अर्ज केला नाही. केला असता तरी शिफारस कुणाची देणार होते? अरुणला कॅलिफोर्नियात नोकरी लागल्यावर आम्ही इकडे आलो, आणि निवृत्त होईपर्यंत मी एका डेंटल लॅबमध्ये दातांच्या कॅप बनवल्या. काम चोख केलं, कॅपच्या कडाही नीट बसवल्या. एल्डनना पुढे पुरस्कार मिळाले, त्यांच्या नावाने दालन झालं, मग ते गेले. मला अजूनही भांडावंसं वाटतं आणि समोर माणूस नाही. भांडं तिथेच आहे, काचेत, गादीवाल्याच्या नावाची पाटी लावून.

नोकरी गेली त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी इरीनीचा फोन आला. मी घरीच होते, मुलगी शेजारी जमिनीवर चित्रं काढत बसली होती.

"आमचे वकील म्हणतात, आता पुढे जाता येणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या रिपोर्टापुढे तुमचं पत्र टिकत नाही."

"मी साक्ष द्यायला येईन. कुठेही येईन."

"आता नको. तुम्ही त्या दिवशी बोलायला हवं होतं. प्लॅस्टरची खापरी माझ्या पर्समध्ये होती. तुम्ही ट्रेसिंग आहे म्हटलं असतं, तर त्यांच्या टेबलावर, त्यांच्यासमोर ठेवून दाखवली असती. मग त्यांना नाही म्हणता आलं नसतं. मी किती वेळ थांबले होते तुमच्यासाठी, आठवतंय?"

मला रडू फुटलं. म्हटलं, "आमचे कागद त्यांच्या हातात होते. आम्हाला देश सोडावा लागला असता. माझी मुलगी लहान होती हो."

मग ती शांतपणे म्हणाली, "मलाही मुलगी आहे. थडगी फोडणाऱ्यांची नावं मी पोलिसांना दिली. त्यांच्याच गावात आम्ही राहतो, आणि त्यांच्याच मुलांबरोबर ती शाळेत जाते." आणि तिने फोन ठेवला.

एल्डनवर मी आजवर पोटभर चिडून घेतलं आहे, हे लिहितानाही चिडलेच. इरीनीवर चिडायलाही खूप कारणं शोधली. एकही सापडलं नाही.